पडवीतला बाप

एल्मिना,
१२ मार्च १९८६

चि. एबो यास अरबामावशीचे पोटभर आशीर्वाद.

इकडे माणसं धडधाकट आहेत आणि चुली पेटत्या आहेत. तुझ्या गुडघ्याची सूज उतरली का, ते आधी कळव.

तुझा फोटो छापलेलं वर्तमानपत्र लॉरीवाल्या बोदूने सरहद्दीपलीकडून आणून दिलं. काय ते तोंड उघडं टाकून धावणं, मागे कुत्रं लागल्यासारखं! तरी तो मी आतल्या खोलीत लावलाय, भट्टीच्या धुरापासून लांब. बाजारात आता मला कोणी अरबा म्हणत नाही. तुझ्या जर्सीवरून 'नऊ नंबरची मावशी' म्हणतात, आणि तेवढ्या कौतुकावर धुरावलेले मासे स्वस्तात मागतात.

आता मुद्द्याचं. बसून वाच.

काल मंगळवार, म्हणजे समुद्राला सुट्टी. होड्या वाळूवर होत्या आणि पुरुषमाणसं जाळी शिवत बसली होती. मी भट्टीवर मासे उलटत होते, तेवढ्यात दारात एक माणूस येऊन उभा राहिला. उंच, वाळलेला, डाव्या दंडावर भाजल्याचा मोठा व्रण. त्याने विचारलं, क्वेकू बेंतसिलच्या मुलाचं घर हेच का. एबो, तुझ्या बापाचं नाव गेल्या सोळा वर्षांत आपल्या दारात कोणी घेतलं नव्हतं. मी हातातला चिमटा उगारला आणि म्हटलं, आलास का? पेपरात फोटो आल्यावर बरा मुलगा आठवला! होडी घेऊन गेलास तो गेलासच. माझी बहीण वाट बघत बघत मातीत गेली, ते कळलं का तुला? पोराला गोवर आला, ताप डोक्यात चढला, तेव्हा तू कुठल्या बंदरावर पाय पसरून बसला होतास? जे जे साठलं होतं ते सगळं ओतलं. शेजारच्या बाया चुलीवरचं टाकून ऐकायला आल्या. तो ओल्या कोंबडीसारखा मान खाली घालून उभा. शेवटी मीच दमले आणि त्याला पाणी दिलं. दारात आलेल्याला पाणी द्यावंच लागतं, मग तो कोणी का असेना.

बेंतसिलला मी मोजून दोन-तीनदा पाहिला असेन. तो विनेबाचा, लग्नही तिकडेच झालं. उंच होता एवढं आठवतं. या माणसाला पडवीत जाळ्यांशेजारी चटई टाकून दिली आहे. उंबऱ्याच्या आत घेतलेला नाही, घेणारही नाही. पोरगं नाव काढायला लागलं की नात्याची माणसं जमिनीतून उगवतात. हा कुठून उगवला ते मी बघते. तू आपला बॉलवर लक्ष ठेव.

माया आहे तशीच राहू दे.

तुझी
अरबामावशी


आबिजान,
२४ मार्च १९८६

ती. स्व. अरबामावशीस एबोचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचत बसलो आणि सरावाला उशीर झाला. कोचने मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. फेऱ्या मारताना मी हसत होतो, म्हणून आणखी मारायला लावल्या. मावशी, बाबा आले! आणि तू त्यांना चिमटा दाखवलास! शाबास तुझी.

मला सगळं लिही. त्यांचे कान माझ्यासारखे आहेत का? हे हत्तीचे कान बेंतसिलांकडून आलेत असं तूच म्हणायचीस. ते खेळायचे का? कुठल्या पायाने? इथे खोलीतल्या पोरांना मी सांगून टाकलंय. गोलकीपर ब्रू म्हणतो, तुझ्या बापाला आधी बेंचवर बसव, एकदम मैदानात उतरवू नकोस. त्याला म्हटलं, माझ्या मावशीचं डोकं अगदी तुझ्यासारखंच चालतं.

काल दोन गोल मारले. एक डोक्याने, एक धक्काबुक्कीत, कसा गेला ते माझं मलाच कळलं नाही. गुडघा बरा आहे.

तुला ओपारे आठवत असेल, खेळाडूंना युरोपात नेणारा. त्याच्या कागदांवर तू सही करायला नकार दिलास, त्यावर मी रागावलो नव्हतो. थोडासाच रागावलो होतो. बेल्जियमचा तो क्लब अजून विचारतोय. मला अठरा पूर्ण नाहीत, म्हणून पालकाची सही लागते, आणि बाप हयात असेल तर बापाचीच चालते, असं ओपारे म्हणतो. बाबा आल्याचं मी त्याला सांगितलं. तो माझ्याइतकाच खूश झाला.

मावशी, तू पाद्रीबाबांनी दिलेलं नाणंसुद्धा चावून बघतेस. यांना चावू नकोस. पडवीत डास फार आहेत, आत घे.

तुझा चिमटा खाऊन वाढलेला,
एबो


एल्मिना,
१० एप्रिल १९८६

चि. एबो यास मावशीचे आशीर्वाद.

कान बघितले. कानच आहेत, दोन. त्यावरून काही सिद्ध होत नाही.

त्याला मी सासूचं नाव विचारलं, तर तो आभाळाकडे बघायला लागला. सासूचं! जिने बेंतसिलला मक्याच्या केंकीने भरलेल्या टोपलीने बदडला होता तिचं नाव माणूस विसरेल का? पण तुझी आई एकुआ नवऱ्यावर रुसली की डाव्या कानातलं काढून ठेवायची, हे त्याला माहीत आहे. ते मला ठाऊक होतं आणि तिच्या नवऱ्याला. मग आता मी काय समजू?

बोलण्याची तऱ्हाही विचित्र. म्हणतो, क्वेकूला ढगांच्या गडगडाटाची भीती वाटायची. स्वतःबद्दल असा नाव घेऊन बोलतो, जसा काही गादीवरचा राजा. लोकांनी क्वेकू म्हणून हाक मारली तर दुसऱ्या हाकेला वळतो.

आणि मागत काही नाही. दारू नाही, तंबाखू नाही. पुढ्यात टाकलेलं खातो, ताट धुतो, शेजाऱ्यांची फाटकी जाळी शिवून देतो. बाया म्हणतात, अरबा, नशीब काढलंस. मी म्हणते, जो काहीच मागत नाही त्याला काहीतरी मोठं हवं असतं. तुझ्या पत्रांत ओपारेचं नाव यायला लागलं आणि पाठोपाठ हा दारात आला. मी सही करत नाही म्हटल्यावर त्या ओपारेने बापच धाडला नसेल कशावरून? कुठेतरी पाणी मुरतंय.

तू हट्ट धरलास म्हणून त्याला चार ओळी लिहायला सांगितल्या. सोबत आहेत. मी वाचल्या आहेत, लपवत नाही.

गुडघ्याला शेक दे.

मावशी


(याच पाकिटातली चिठ्ठी)

चि. एबो यास आशीर्वाद.

मला लिहायची सवय नाही. तू विचारलंस म्हणून सांगतो. तुझा बाप खेळायचा. विनेबाच्या वाळूवर कोळ्यांच्या पोरांत त्याच्यासारखा कोणी नव्हता. डाव्या पायाने मारायचा. मारायच्या आधी तो कोपऱ्याकडे कधी बघत नसे, म्हणून कीपरला कळायचं नाही. फोटोत तू बघतो आहेस. बघू नकोस.

तो तुझ्याबद्दल फार बोलायचा. तू पोटात असल्यापासून.

कोणी घाई केली तर सही करू नकोस. तुझी मावशी कडू बोलते पण बरोबर बोलते.

पडवीतून, तुझं भलं चिंतणारा.


एल्मिना,
५ मे १९८६

चि. एबोस मावशीचे आशीर्वाद.

तुझं एप्रिलचं पत्र आलं आणि मागोमाग ओपारेही आला. तू लिहिलंस की मावशी, या वेळी तोंड उघडू नकोस, माझ्या आयुष्याचा प्रश्न आहे. मी तोंड उघडलं नाही. अगदीच थोडं उघडलं. काय झालं ते जसंच्या तसं लिहिते.

पांढऱ्या गाडीतून आला. माझ्यासाठी कापडाचं ठाण आणि पितरांसाठी दारूची बाटली. बाटली फोडून जमिनीवर धार धरली, आपल्या पणजोबांपर्यंत सगळ्यांना हाका मारल्या. आवाज गोड, जसा काही आपल्याच घरात वाढलाय. मग कागद काढले, फ्रेंचमधले. मी विचारलं, यात काय लिहिलंय? म्हणाला, मुलाचं भाग्य लिहिलंय. मी म्हटलं, भाग्य इतक्या बारीक अक्षरांत का लिहितात हो? त्यावर तो हसला आणि माझ्याकडे पाठ करून बसला.

त्याने पेन पडवीतल्या त्या माणसाच्या हातात दिलं. या माणसाने पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, मला जमणार नाही. ओपारे म्हणाला, बाबा, लिहिता येत नसेल तर लाजायचं काय, अंगठा चालेल. शाई उघडली. तर या माणसाने दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांवर बसला! लहान मुलासारखा! म्हणाला, या कागदावर क्वेकू बेंतसिलचं नाव मी लावणार नाही. ओपारेने आधी समजावलं, मग गाडीकडे बोट दाखवून काय काय कबूल केलं, मग शिव्या दिल्या. पोराच्या अन्नात माती कालवणारा म्हणाला. हा तसाच बसून. शेवटी ओपारेने कागद गोळा केले, माझ्या मांडीवरचं ठाण उचललं आणि उरलेली बाटलीही घेऊन गेला. पितरांपुढे ठेवलेली दारू परत नेणारा माणूस, एबो, तुला बेल्जियमला नेणार होता.

मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. हा ओपारेचा माणूस नाही, एवढं कळलं. मग कोणाचा? बाप नसेल तर आला कशाला? आणि बाप असेल तर पोराची वाट अडवली कशाला? विचारलं तर म्हणतो, थोडे दिवस द्या. आता दिवस नाही आणि रात्र नाही. मी विनेबाला बेंतसिलांच्या दारी जाते.

तू रागाच्या भरात काही लिहू नकोस.

मावशी


आबिजान,
१८ मे १९८६

क्वेकू बेंतसिल यांस,

नमस्कार लिहायला हात होत नाही.

बेल्जियमच्या क्लबने माझ्या जागी लोमेचा एक मुलगा घेतला. परवा तो विमानात बसला. त्याच्या बापाने सही केली. त्याचा बाप रस्त्यावर टायर दुरुस्त करतो, पण त्याला एवढं कळलं.

मी तुमची चिठ्ठी बुटांच्या पिशवीत ठेवली होती. सामन्याआधी वाचायचो. कोपऱ्याकडे न बघता मारायला शिकलो. खोलीतली पोरं मला हसायची, की याचा बाप कागदावरून कोचिंग करतो. मला त्याचाही अभिमान वाटायचा.

तुम्ही इतक्या वर्षांनी आलात, आणि आल्यावर पहिलं काम केलंत ते माझं दार लावून घेण्याचं. माझी मावशी सगळ्यांवर संशय घेते, पण तिने मला वाढवलं. तुम्ही काय केलंत? तिने चिमटा फिरवायला हवा होता.

आलात तसे जा. उत्तर नको.

एबो


एल्मिना,
२ जून १९८६

चि. एबो,

आशीर्वाद. खोलीत कोणी असेल तर बाहेर जाऊन वाच.

विनेबाला तुझी आत्या अजोआ भेटली. मी त्या माणसाचं वर्णन केलं. भाजलेल्या दंडापर्यंत आले आणि तिच्या हातातली पाटी खाली पडली. म्हणाली, हा आतो एशुन. क्वेकूच्या होडीवर होता. शेवटच्या फेरीआधी इंजिन पेटलं तेव्हा भाजला, मीच पाला वाटून लावला होता. मग माझा हात धरून ओरडायला लागली, आतो जिवंत आहे तर माझा भाऊ कुठे आहे?

मी घरी आले ती थेट मुसळ घेऊन पडवीत गेले. तो बसला होता, तुझं पत्र मांडीवर. मी हाक मारली, आतो एशुन! पहिल्या हाकेला वळला.

मग त्याने सांगितलं. लायबेरियाच्या किनाऱ्यापाशी वादळात होडी उलटली. बाकीचे लगेच गेले. हे दोघं एका फळीला धरून राहिले. लांब एका जहाजाचा दिवा दिसला. फळी दोघांना पेलत नव्हती, आणि आतोचा हात भाजलेला, त्याला पोहता येत नव्हतं. क्वेकू म्हणाला, मी जाऊन बोलावून आणतो. पोहत गेला. दिवाही गेला आणि तोही गेला. एबो, तुझा बाप पळून गेला नव्हता. तू रांगायला लागलास त्या वर्षीच तो पाण्यात गेला, आणि मी सोळा वर्षं त्याला शिव्या दिल्या.

आतोला एका मासेमारी जहाजाने उचललं. तो एकदा विनेबापर्यंत आला होता. त्याच दिवशी गावात दुसऱ्या होडीवरून एकटाच वाचलेल्या माणसाला लोक विचारत होते, बाकीच्यांचं काय केलंस म्हणून. ते ऐकून तो वेशीवरून परत फिरला. मन्रोव्हियात हमाली केली. मग तुझा फोटो बघितला, नाव वाचलं, आणि सांगायला आला.

मी विचारलं, मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस? म्हणाला, सांगायलाच आलो होतो. तोंड उघडायच्या आत तुम्ही सुरू केलंत. तुमचं ते बोलणं क्वेकूसाठी साठवलेलं होतं. मला वाटलं, तो तर येणार नाही, कोणीतरी ऐकून घ्यायला हवं. उद्या सांगीन म्हटलं. तेवढ्यात मुलाचं पत्र आलं, त्यात सगळीकडे बाबा, बाबा. मग उद्या, उद्या करत राहिलो. पण सही म्हणजे वेगळं. सहीने मुलगा विकला गेला असता, तोही मेलेल्या बापाच्या नावाने.

सगळं खरं असेलच असं मी म्हणत नाही. फळीवरचं फक्त समुद्राला माहीत. पण मी मुसळ खाली ठेवलं. सकाळी बघते तर पडवी झाडलेली, चटई गुंडाळलेली, हा गेलेला. सेकोंदीला बर्फाच्या कारखान्यात काम करतो असं बोदूने सांगितलं.

तुझं पत्र तो बरोबर घेऊन गेला.

मावशी


आबिजान,
६ जुलै १९८६

ती. स्व. आतोकाकांस एबोचा शि. सा. नमस्कार.

आधीच्या पत्राला उत्तर नको म्हटलं होतं. या पत्राला द्या.

मावशीचं पत्र आल्यावर मी चार सामने खेळलो आणि एकही गोल मारला नाही. पाय होते तिथेच होते, मीच नव्हतो. कोच म्हणाला, घरी कोणी गेलंय का? मी हो म्हटलं. केव्हा, विचारलं तर सांगता येईना. सोळा वर्षांपूर्वी म्हणू की गेल्या महिन्यात?

तुमच्यावर अजून रागावलो आहे. खोटं कशाला लिहू. लोमेचा तो पोरगा तिकडे गोल मारतोय, आणि बातमी आली की मी जळतो. तुम्ही सही केली असती तर मी तिथे असतो. आणि माझ्या बापाचं नाव ओपारेच्या पिशवीत असतं. दोन्ही खरं आहे. यातलं कुठलं मोठं ते मला अजून ठरवता येत नाही.

पण एक ठरवलंय. बाबांचे दिवस झालेच नाहीत. गावाने त्यांना पळपुटा समजून ढोलसुद्धा वाजवले नाहीत. ऑगस्टच्या शेवटी आमचा क्लब कुमासीला खेळायला येतो आहे. आदल्या दिवशी, शनिवारी, विनेबाला विधी करायचे. आत्या आणि मावशी तयार आहेत. आत्याच्या मनात तुमच्याबद्दल काय आहे ते मला माहीत आहे, तुम्हालाही असेल. तरी या. बाबा कसे गेले ते सांगायला दुसरं कोणी नाही. तुम्ही आला नाहीत तर मला त्यांच्याबद्दल पुन्हा अंदाजच करत बसावं लागेल.

मला काय हाक मारायची ते कळेना, म्हणून काका लिहिलं. चालेल का ते कळवा.

आपला,
एबो


एल्मिना,
८ सप्टेंबर १९८६

चि. एबो यास मावशीचे आशीर्वाद.

तू शनिवारी दिवेलागणीला कुमासीच्या लॉरीत बसलास, त्यानंतरचं तुला कोणी सांगितलं नसेल. सांगते.

शनिवारी तुझ्यासमोर आतो बोलला तेव्हा सगळे रडले. पण रविवारी चर्चहून आल्यावर बेंतसिलांचं कुळ बसलं आणि अजोआने सगळ्यांपुढे विचारलं. फळी एक, माणसं दोन. पोहत गेला तो माझा भाऊच कशावरून? याने ढकलला नाही कशावरून? लोक कुजबुजायला लागले. एक म्हातारा म्हणाला, आम्हीही तेच म्हणत होतो. आतो तसाच बसून. मान खाली. मी ती मान ओळखते, एबो. माझ्या दारात तशीच होती.

मग मीच उठले. परक्या कुळाच्या बैठकीत बाईमाणूस उठलं म्हणून दोघं-तिघं खाकरले. मी म्हटलं, मला अख्खं एल्मिना संशयी म्हणतं. या माणसाला मी महिनोन्‌महिने पडवीत ठेवून शिकारी मांजरासारखं बघितलंय. फळीवर काय झालं ते मला माहीत नाही आणि तुम्हालाही नाही. पण एक गोष्ट मी डोळ्यांनी बघितली. मेलेल्या क्वेकूच्या नावावर याला एका सहीत सगळं मिळत होतं, गाडी दारात उभी होती, आणि हा स्वतःच्या हातांवर बसला. ज्याने नाव घेतलं नाही, त्याने जीव घेतला असेल असं मला नाही वाटत. तुम्हाला वाटत असेल तर माझ्या तोंडावर म्हणा.

अजोआ बराच वेळ त्याच्या दंडाकडे बघत होती. मग आत गेली आणि त्याच्यासाठी ताट घेऊन आली. मनातलं सगळं गेलंय असं नाही. पण ताट आणलं.

तेवढ्यात परसात कोणाच्या तरी रेडिओवर तुझा गोल झाला. सुतकाच्या घरात अशी आरोळी उठली की अजोआ मुसळ घेऊन धावली, आणि रागावून झाल्यावर तिनेच हळूच विचारलं, कुठल्या पायाने? आपल्याच देशाच्या संघाला हरवलंस, लाज नाही वाटली? बोदू तुझ्याशी बोलणार नाही म्हणतो. तिकीट काढून बघायला गेला होता.

ऑक्टोबरात तुला अठरा पूर्ण. डेन्मार्कचा कोणी विचारतोय म्हणालास. माझी सही लागणार नाही, आता कोणाचीच लागणार नाही. जायचं तर जा, पण सामान आणि माणूस दोन्ही नीट पारखून घे. तिथे मी नसेन, तेव्हा माझ्या वाटणीचा संशय तूही थोडा बाळग. मायेला ओहोटी लागू देऊ नकोस.

तुझी
अरबामावशी

ता. क. आतो विनेबाहून माझ्याबरोबर आला, पुन्हा पडवीतच आहे. आत ये म्हटलं तर म्हणतो, डासांची सवय झाली. गुरुवारी तो समुद्रावर गेला, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मी अडवलं नाही. होड्या परतायच्या वेळी बाजारात गिऱ्हाईक तसंच टाकून किनाऱ्यावर गेले आणि त्यांची होडी दिसेपर्यंत उभी राहिले. बायांनी विचारलं तर सांगितलं, ताजे मासे घ्यायला आलेय. त्यांनी विश्वास ठेवला नाही.